आवाजाची रांग

जागृती : मी बसणार नाही, काका. आधी सांगा, हे पत्र लिहिलं कुणी?

नामदेव : लिवलं कोनी ते सोड. सही लाडकी करनार हाय. तू कशाला मधी पडतेस?

(बोईसरच्या पश्चिमेला, किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार सोसायटीचं ऑफिस. शुक्रवार, सकाळचे साडेनऊ. अकराला कमिटी बसायची आहे. नामदेव चेअरमन, जागृती त्यांच्या चुलतभावाची मुलगी. एमआयडीसीतल्या कारखान्यांची नेटवर्कं सांभाळणं ही तिची नोकरी, आणि सोसायटीचं नेटवर्कही तिनेच बसवलेलं. आज कामावर दांडी मारून, डोक्यात राख घालून ती आली आहे. लाडकी नऊ वर्षं इथल्या वायरलेसवर बसते आणि समुद्रातल्या बोटींची हाक घेते. आत्ता मात्र ती दाराजवळच्या बाकावर अंग चोरून बसली आहे, कारण मंगळवारपासून तिला तिच्या खुर्चीत बसू दिलेलं नाही.)

जागृती : मोठ्याने वाचू का? "मंगळवारी सकाळी मी माझ्या जागेवर नव्हते. बोटीवरून आलेला निरोप माझ्या हलगर्जीपणामुळे ऐकला गेला नाही. त्यामुळे जखमी खलाशी मिथुन यास मदत पोचण्यास विलंब झाला. चूक सर्वस्वी माझी आहे." सर्वस्वी. लाडकीमावशी, हा शब्द तू आयुष्यात कधी तोंडातून काढलास?

लाडकी : मला तं तो धड वाचता पन नाय आला. म्हनून फोटो काढून तुला पाठवला.

नामदेव : म्हनजे तूच बोलावलंस हिला.

लाडकी : बोलावलं नाय. यात काय लिवलंय तेवढं इचारलं.

नामदेव : हे बग जागू, मला कोनाशी दुश्मनी नाय. पन ऑफिसच्या कॅमेऱ्यात सगळं दिसतंय. सात पन्नासला बाई खुर्चीतून उटली. आठ बाराला परत आली. बावीस मिनटं खुर्ची रिकामी. तिकडं बोट हाका मारतेय, आनि हितं खुर्ची रिकामी. कमिटीला मी काय दाखवू?

जागृती : ती कुठे गेली होती ते विचारलंत?

नामदेव : बाईमानसाला काय इचारायचं? गेली असेल कुटं.

जागृती : मावशी, सांग.

लाडकी : जाऊ दे ना, बाय.

जागृती : जाऊ दे काय? तुझी नऊ वर्षं एका कागदात गुंडाळून समुद्रात टाकताहेत. सांग कुठे गेली होतीस.

लाडकी : जेट्टीवर गेलते. पळत.

नामदेव : जेट्टीवर? कशाला?

लाडकी : सात दहाला पैली हाक आली. रामनाथचा आवाज, मिथुनच्या बोटीचा तांडेल तो. तो मी झोपेत पन वळखीन. पन नुसता तुकडा आला. मी बोलले, रामनाथ, परत सांग. परत तुकडा. अर्धा शब्द, मंग खरखर, मंग कायच नाय. माझं बोलनं त्याला जात होतं का ते पन कळना. त्याच्या मोबाईलला तिथं रेंज नाय. चाळीस मिनटं मी कान लावून बसले, भाऊ. मानूस पान्याखालून बोलावं तसा तो आवाज. मंग मला सुचलं, खरा सेट तं जेट्टीवर हाय, खांबाखालच्या पत्र्याच्या खोलीत. त्याला त्याचा सोताचा स्पीकर हाय. चावी माझ्याकडंच असते. चपला पन घातल्या नाय, तशीच पळाले.

जागृती : आणि तिथे काय ऐकू आलं?

लाडकी : तिथं लख्ख. बाजूला बसून बोलावं तसा. रामनाथ बोलतोय, मिथुनचा हात जाळं ओढायच्या विंचमधी गेला, दोराने ओढून नेला, रगत थांबत नाय. आमी निगालोय. खाडीच्या तोंडाशी होडी ठेवा, पानी हाय तवरच होडी भायेर काढा. हेच परत परत. घसा बसलेला त्याचा. मी बोलले, ऐकलं रे बाबा, ऐकलं. तं तो रडला. एवढा मोठा तांडेल.

नामदेव : हे तू मला बोलली नायस.

लाडकी : तुमी इचारलं नाय.

जागृती : ऐकलंत काका? खुर्ची रिकामी होती कारण खुर्चीत बसून काही ऐकूच येत नव्हतं. तिच्या जागी तुम्ही मला बसवलं असतं तर मी बसून राहिले असते, स्क्रीनकडे बघत. ही पंचावन्न वर्षांची बाई अनवाणी पळाली. आणि तुम्ही तिच्याकडून हलगर्जीपणा लिहून घेताय. लाज नाही वाटत?

नामदेव : तोंड सांभाळून बोल. चेअरमन म्हनून नाय, काका म्हनून सांगतो.

जागृती : बरं, तोंड सांभाळते. मला एक सांगा. ही आठला ओरडत जेट्टीवर आली तेव्हा खाडीत पाणी होतं?

नामदेव : नाय. ओहोटी लागून गेलती. होड्या चिखलात बसलेल्या.

जागृती : आणि सात दहाला?

नामदेव : सात दहाला... होतं. अर्धा तास तरी होतं. होडी आरामात भायेर पडली असती.

जागृती : बस. एवढंच आहे सगळं.

नामदेव : मला शिकवतेस? मी सोता त्या चिखलात उबा होतो, मांडीएवढ्या. बारा जनांनी होडी ओढली. बासष्ट वय हाय माझं. बोट तोंडाशी आली नऊला, आत येता येईना, आनि आमची होडी तिला लागली दहाला. एक तास तो पोरगा डेकवर पडून किनारा बगत होता. त्याचा हात मी टॉवेलात धरून आनला, जागू. डॉक्टर बोलला, तासभर आदी आनला असता तं हात वाचवून बगता आला असता. ते मी पन ऐकलंय. मला दगड समजू नको.

जागृती : दगड समजले असते तर बोलायला आले नसते. पण ज्याने तो हात टॉवेलात धरला त्यानेच हे पत्र लिहावं, याचा जास्त संताप येतो.

नामदेव : मंग काय लिवू? तुझ्या राउटरने आवाज खाल्ला असं लिवू?

जागृती : राउटरने काही खाल्लं नाही. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. काल दिवसभर मी त्याच्या नोंदी काढत बसले होते, हे बघा कागद. जेट्टीवरून ऑफिसपर्यंत आपली लिंक एकच, दोन डिशांच्या मधली. त्यातूनच बोटींचा आवाज येतो, त्यातूनच बर्फाची-डिझेलची बिलं, आणि त्यातूनच लिलावाचे कॅमेरे. सगळे एकदम आले तर ती पुरत नाही. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

नामदेव : सांगितलेलंस. म्हनून तर तू रांगा लावल्यास.

जागृती : आठवतंय ना कशा लावल्या?

नामदेव : आठवतंय. खाडीच्या तोंडासारखं, बोललीस. अडलेली बोट पैली आत, बाकीच्यांनी भायेर नांगर टाकून उबं ऱ्हायचं. बोटींचा आवाज पैल्या रांगेत. मंग बिलं. कॅमेरे शेवटी.

जागृती : आणि लिंक भरत आली की, तुंबायच्या आधीच, कॅमेऱ्यांची थोडी थोडी पाकिटं, म्हणजे चित्राचे बारीक तुकडे, मुद्दाम टाकून द्यायची. मग कॅमेरा समजतो की पुढे गर्दी आहे, आणि आपणहून कमी पाठवतो. चित्र जरा पुसट होतं, पण कुणाचं काही अडत नाही. वर्षभर चाललं की हे. वर्षभरात मावशीला एक हाक दोनदा ऐकावी लागली नाही.

लाडकी : नाय लागली.

नामदेव : अगं, तो पुसटपनाच नडला ना. व्यापारी तिकडं वसईला, सुरतेला बसून पापलेटचा डोळा बगतो. कल्ले बगतो. पडद्यावर डोळा धुरकट दिसला की माल शिळा समजून बोली सोडतो. हितं टोपलीत मासा तडफडतोय, आनि तिकडं तो शिळा. मासळीवाल्या बायकांनी माझं डोकं खाल्लं. त्या काय खोटं बोलत होत्या?

जागृती : खोटं नव्हत्या बोलत. तेव्हा दुसरी लिंक मागायची होती. मी दोन महिन्यांत उभी करून दिली असती. पण तुमच्या भाच्याला धीर कुठला? लिलावाचं ॲप त्याचं, कॅमेरे त्याचे, नाव त्याचं. दिपेशने काय केलं माहीत आहे?

नामदेव : कॅमेरे जरा नीट केले बोलला.

जागृती : नीट केले. काका, प्रत्येक पाकिटावर एक शिक्का असतो, नंबरचा. शेहेचाळीस नंबर म्हणजे हा आवाज आहे, याला पहिल्या रांगेत घ्या. आपल्या वायरलेसच्या पाकिटांवर तो असतो. दिपेशने चारही कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये जाऊन तोच नंबर घातला. कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं असेल. पापलेटसुद्धा शेहेचाळीस नंबर.

लाडकी : म्हनजे मासळीचं चित्र आनि रामनाथ एकाच रांगेत?

जागृती : एकाच. आणि पहिल्या रांगेला मी मर्यादा घातलेली आहे, आवाजाला पुरेल एवढीच. घालावीच लागते, नाहीतर पहिली रांगच सगळी लिंक गिळते. त्या एवढ्याशा जागेत चार कॅमेरे घुसले. मग मर्यादेच्या वर जे येईल ते राउटर फेकून देतो. त्यात रामनाथ कोण आणि पापलेट कोण हे त्याला कळत नाही. शिक्का सारखाच. लिलाव सातला सुरू झाला. हाक सात दहाला आली.

लाडकी : म्हनून ते सकाळीच तुटायचं.

जागृती : काय?

लाडकी : मंगळवारच्या आदी पन. सकाळचं लिलावाच्या टायमाला आवाज कापायचा. दुपारी चांगला. मी भाऊंना दोन वेळा बोलले.

जागृती : काका?

नामदेव : ती बोलली आवाज जरा कापतो. आता जरा म्हनजे किती? वाऱ्याने होत असेल वाटलं.

जागृती : बायका म्हणाल्या डोळा पुसट दिसतो, तर तुम्ही लगेच धावलात. ही म्हणाली बोटीचा आवाज तुटतो, तर वारा. वा.

नामदेव : त्या पन्नास जनी मोर्चा घेऊन आल्या. ही एकटी हळूच बोलली.

जागृती : म्हणजे इथेही जो जास्त ओरडेल तो पहिल्या रांगेत. आणि गंमत सांगू? दिपेशने कितीही शिक्के मारले असते तरी काही बिघडलं नसतं. कारण मी राउटरला बजावून ठेवलं होतं, कॅमेऱ्यांच्या दारातून जे येईल त्याच्या शिक्क्यावर विश्वास ठेवायचा नाही. तो पुसायचा आणि आपला मारायचा, शेवटच्या रांगेचा. दारावर राखणदार असावा तसा नियम. तो नियम कुणीतरी काढून टाकला.

नामदेव : कोनी?

जागृती : नोंदीत ॲडमिन एवढंच येतं. पासवर्ड एकच आहे आणि तो या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे, मी शंभरदा सांगूनसुद्धा. दिपेशला तो कुणी दिला ते तुम्ही कमिटीसमोर सांगा. नियम काढला वीस फेब्रुवारीला, संध्याकाळी सात चाळीसला. बाहेरून, मोबाईलवरून. चोरासारखा. एक ओळ काढली आणि झाला मोकळा. या लाडकीमावशीच्या जागी त्याचं नाव घाला पत्रात. सर्वस्वी.

नामदेव : वीस फेब्रुवारी?

जागृती : वीस. हे बघा.

नामदेव : जागू, वीसला काय होतं?

जागृती : मला काय माहीत काय होतं.

नामदेव : आमच्या रिद्धीची हळद.

जागृती : मग?

नामदेव : मंग काय. आठव जरा. बँड वाजत होता, कानाला कायच ऐकू येत नव्हतं, म्हनून मी तुला मांडवाच्या मागं नेलं. दिपेश पन होता. मी बोललो, अगं ह्याचे कॅमेरे अडवून धरतेस, आपलाच पोर हाय, परका नाय. जरा मोकळं कर. हातावरची हळद पुसलीस. पर्समधून मोबाईल काढलास. दोन मिनटं पन लागली नाय तुला. बोललीस, झालं काका, आता त्याचा शिक्का चालेल.

जागृती : (कागद परत बघत) सात चाळीस.

नामदेव : दिपेशला पासवर्ड ठाऊक नाय. कपाटाची चावी माझ्या कमरेला असते. त्याने कॅमेऱ्यात नंबर घातला, ते खरं. पन दार तू उघडलंस.

लाडकी : पानी देऊ, बाय?

जागृती : नको.

नामदेव : मी तुला हे बोलनार नव्हतो. तुझं भाषन ऐकून घेतलं म्हातारपनी. पन तूच कागद नाचवायला लागलीस.

जागृती : मी म्हणाले होते, आठवडाभर चालू द्या, मग बघते.

नामदेव : बोललेलीस.

जागृती : मग बघितलं नाही. दोन महिने. काल दिवसभर ती ओळ माझ्यासमोर होती आणि मी दिपेशला शिव्या घालत होते. मला आठवलंसुद्धा नाही. बोईसरला एखाद्या कारखान्यात साहेबाने असं जिन्यात उभं राहून तोंडी सांगितलं असतं ना, तर मी कागद मागितला असता. कुणाची परवानगी, कशासाठी, किती दिवस, सही करा. परक्यांसाठी सगळे नियम आहेत माझ्याकडे. आणि जिथे माणसं समुद्रात जातात तिथे मी नाचता नाचता थांबून... काका म्हणाले, करून टाकलं. ढोलाचा पुढचा ठेका चुकू नये म्हणून घाईत केलं असेल मी ते.

नामदेव : तुझ्या जागी कोनीही केलं असतं. काकाला नाय बोलायची आपल्यात रीत नाय.

जागृती : तीच तर रीत मिथुनच्या हातावर पडली.

नामदेव : ऐक माझं. रागाने डोकं फिरवू नको. अजून एक तास हाय. हे पत्र मी फाडतो. हे बग, फाडलं. लाडकी तिच्या खुर्चीत जाईल, आज, आत्ता. दिपेशचं नाव नको, तुझं नको. लिवायचं, जेट्टीवरचा राउटर बिगडला. यंत्र हाय, बिगडतं. खाऱ्या हवेत लोखंड पन टिकत नाय. कमिटी बोलेल नवा आना. तू नवा बसव, तुझा तो नियम गुपचूप परत घाल. कोनाच्या पोटावर पाय नाय.

लाडकी : बाय, भाऊ बोलतात ते घे. माझी खुर्ची मला मिळाली, झालं. तुझी नोकरी बोईसरची. तिथं कळलं तं तुला ठेवतील का?

जागृती : नाही ठेवणार बहुतेक.

लाडकी : मंग? तुझ्या आईने तुला कसं शिकवलंय मी बगितलंय. सुकी मासळी विकून.

जागृती : किती सोपं आहे, काका. यंत्र बिघडलं. कुणालाच काही बदलावं लागत नाही. नवीन डबा येईल, आणि पुढच्या वर्षी कुणाच्या तरी हळदीत तुम्ही मला परत मांडवामागे न्याल, आणि मी परत मोबाईल काढेन. कारण हे केल्याने माणसाचा हात जातो, हे कुठे लिहिलेलंच नसेल. मी त्या राउटरइतकी काटेकोर असते तर बरं झालं असतं. त्याने एका अक्षराची कुचराई केली नाही, आणि बिघडला म्हणायचं ते त्यालाच.

नामदेव : यंत्राचा पन कळवळा येतोय का आता? त्याला काय अब्रू हाय?

जागृती : नाही. म्हणून तर सगळे त्याच्या नावावर टाकतात.

नामदेव : जागू, मी हात जोडून सांगतो. घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ दे.

जागृती : मिथुन कुठे घरातला आहे?

लाडकी : भाऊ, एक बोलू?

नामदेव : बोल. तू पन बोल.

लाडकी : मिथुनची बायको आलीय. सपना. सकाळच्या एसटीने डोंगरातून उतरली, भायेर बदामाच्या झाडाखाली बसलीय. मी येताना तिने माझा हात धरला. पैसे मागत नाय, काय नाय. एकच इचारते. तिच्या पाड्यावर लोक बोलतात, तांडेलाने हाकच मारली नसेल. दर्यावाल्यांचा पोर असता तं हाक मारली असती, आमचा गडी डोंगरातला, ऱ्हायला काय गेला काय. ती बोलते, मला एवढंच सांगा, हाक मारलेली का नाय.

नामदेव : मारली म्हनून सांग ना तिला. रामनाथ सोता सांगेल.

लाडकी : रामनाथ तिच्या समोर जात नाय. तीन दिस झाले, तो घराभायेर आला नाय. त्याला वाटतं, आपलं कोन खरं मानतंय? आनि मी सांगू? कालपातुर मीच चोर होते. माझ्या सहीसाठी लिवलेला कागद तुमच्या खिशात होता. माझ्या तोंडाला काय किंमत?

जागृती : आणि यंत्र बिघडलं असं सांगितलं तर?

लाडकी : ती अडानी हाय, खुळी नाय. ती बोलेल, तुमचं यंत्र आमच्याच मानसाच्या टायमाला बरं बिगडतं. तं मी काय बोलू? मला तवा खोटं बोलायला लागेल, बाय. आनि मी बोलेन पन, खुर्चीसाठी. मला माझा भरोसा नाय. म्हनून तुमीच काय ते ठरवा. माझं नाव घालायचं तं घाला, फाडलेला कागद चिकटवून परत आना, मी सही करते. पन रामनाथ घसा फुटेपर्यंत बोलत होता, हे कोनीतरी तिला नीट सांगा. तो तिच्या मानसासाठी रडला, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

जागृती : काका, एक कोरा कागद द्या.

नामदेव : जागू.

जागृती : सोसायटीच्या नावाचा द्या. आणि पेन.

नामदेव : काय लिवनार हायस?

जागृती : जे झालं ते. "वीस फेब्रुवारी रोजी, चेअरमन यांच्या तोंडी सांगण्यावरून, मी जागृती, जेट्टीवरील राउटरमधील कॅमेऱ्यांचे शिक्के पुसण्याचा नियम काढून टाकला. कोणतीही लेखी परवानगी घेतली नाही. एका आठवड्याने तपासणी करीन असे सांगून केली नाही."

नामदेव : माझं नाव पन घालतेस.

जागृती : सांगितलं तुम्ही, केलं मी. दोन्ही लिहिते. "त्यामुळे लिलावाच्या वेळेत बोटींचा आवाज ऑफिसपर्यंत नीट पोचत नव्हता. वायरलेसवरील लाडकी यांनी हे दोनदा कळवले होते. घटनेच्या दिवशी तांडेल रामनाथ सात दहापासून सतत हाक मारत होते. लाडकी यांनी जागा सोडून जेट्टीवर धाव घेतली म्हणूनच निरोप समजला." काही चुकतंय का यात? चुकत असेल तर सांगा, खोडते.

नामदेव : दिपेशचं?

जागृती : "कॅमेऱ्यांमध्ये पहिल्या रांगेचा नंबर दिपेश यांनी घातला." एवढंच. त्याला माझ्याहून मोठा गुन्हेगार करणार नाही. त्याला नंबर म्हणजे काय ते कळत नव्हतं. मला कळत होतं.

नामदेव : कमिटी तुझं काम काढून घेईल.

जागृती : घेऊ दे. नियम मी आज सकाळी सहाला परत घातलाय, बोईसरला बसून. पासवर्डही बदललाय. नवा पासवर्ड तुमच्या कपाटात नाही. आजच्या लिलावात पापलेटचा डोळा पुसट दिसला असेल. उद्याही दिसेल. बायका आल्या की माझ्याकडे पाठवा, मी ऐकून घेईन त्यांच्या शिव्या.

नामदेव : त्या शिव्या तुला झेपनार नाय.

जागृती : शिकेन. आणि खाली एक ओळ घालते: "यापुढे राउटरमधील कोणताही बदल कमिटीच्या लेखी ठरावाशिवाय करू नये, नातेवाइकांच्या सांगण्यावरून तर मुळीच नाही."

नामदेव : हे शेवटचं माझ्यासाठी.

जागृती : माझ्यासाठी.

नामदेव : जागू, हळदीचं नको लिवू. पोरीचं शुभकार्य होतं. तिच्या सासरी वाचलं कोनी तं तिला उगीच... तारीख हाय तेवढी पुरे.

जागृती : नाही लिहीत.

नामदेव : आनि 'तोंडी सांगण्यावरून' खाली माझी सही लागेल. नाय तं कमिटी बोलेल पोरीने चेअरमनवर ढकललं. दे हिकडं.

लाडकी : भाऊ.

नामदेव : तू गप बस. त्या खुर्चीत जाऊन बस. सकाळपासून सेटवर कोनी नाय, बोटी भायेर हायत.

लाडकी : आदी तिला आत बोलावते.

नामदेव : कमिटी अकराला हाय. आदी कमिटीला तं कळू दे.

जागृती : आधी तिला.

लाडकी : ये, सपना, आत ये. भिऊ नको. ही जागृती. जेट्टीवरचं यंत्र हिने बसवलेलं.

जागृती : सपनाताई, रामनाथने पन्नास मिनिटं हाक मारली. आवाज जेट्टीपर्यंत चांगला आला होता. तिथून पुढची त्याची वाट मी लिलावाच्या कॅमेऱ्यांना देऊन टाकली होती.